मास्तर म्हणजे तुम्ही

मला इंग्रजी येतं, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी अफवा. ती मीच पसरवली होती.

चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी मुंबईहून तळकोकणात, वालावलच्या अलीकडच्या या गावात आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत चार साड्या आणि एक बी. ए.ची पदवी होती. पदवी मी काचेच्या चौकटीत बसवून माजघरात टांगली. खिळा मिळाला तो नेमका देवघराच्या शेजारचा. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्या तसबिरींबरोबर तिलाही जास्वंदीचं फूल वाहिलं. मी त्यांना अडवलं नाही. उलट मला ते योग्यच वाटलं. मी तेव्हा कशी बाई होते, ते यावरून समजावं.

इंग्रजीत मी काठावर सुटले होते. पण पदवीवर मार्क लिहीत नाहीत, आणि गावात कोणी विचारलं नाही. कोणाला मुंबईहून कागद आला, की तो माझ्याकडे येई. मी तो हातभर लांब धरून, भुवया उंचावून वाचत असे. त्याच भुवयांच्या जोरावर मी एका माणसाला एका कागदाचा अर्थ सांगितला, साक्षीदार म्हणून खाली वेलबुट्टीची सही ठोकली, आणि त्याची गाणी त्याच्या हातून घालवली. चुकला तो एकच शब्द.

तो माणूस म्हणजे वासू मेस्त्री. नंतरचे मास्तर. येत्या चतुर्थीला त्यांना जाऊन वर्ष होईल.

मेस्त्री म्हणजे आमच्याकडे सुतार. दारं, खिडक्या, पाट, होडीची वल्ही, जे लाकडाचं असेल ते त्यांच्याकडे जाई. आणि पेट्या. पेटी म्हणजे हार्मोनियम. कोणी कपड्यांची पेटी करायला सांगितली तर तीही करून देत, पण तोंड वाकडं करून. पेट्या दुरुस्त करता करता ते त्या वाजवायला शिकले, आणि वाजवता वाजवता गजर रचायला लागले. भजनाच्या शेवटी जो येतो तो गजर. आधी सावकाश सुरू होतो, मग टाळ चढतात, पखवाज चढतो, आणि मांडी घालून बसलेला माणूस कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळत नाही. पंचक्रोशीत असे गजर होते की ते सुरू झाले की म्हातारे काठी विसरत. त्यातले निम्मे वासू मेस्त्रींचे.

माणूस काटक, रंगाने शिसवी, आणि कानावर सुताराची चपटी तांबडी पेन्सिल. ती आरतीलाही कानावरच. आमच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाच्या फोटोत सगळे देवाकडे बघताहेत, मी कॅमेऱ्याकडे बघते आहे, आणि मेस्त्री माझ्या डोक्यावरून मखराचा एक वाकडा खांब बघताहेत. पेन्सिल कानावर.

लाकूड घेण्याआधी ते बोटाच्या पेराने त्यावर टकटक करून, डोळे मिटून ऐकत. फणस त्यांच्या लेखी शहाणा. सागवान गर्विष्ठ. आंब्याबद्दल म्हणत, "बोलता चिकार, टिकता थोडा." माणसंही त्यांना आवाजावरूनच कळत, आणि तीही पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबात. सासूबाई काळी पाच. माझे यजमान पांढरी एक, "ती पण खाली बसलेली". एकदा सासूबाईंनी विचारलं, "आणि आमची सुनबाय रे, मेस्त्री?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. म्हणाले, "ती पट्टी अजून पेटयेत येवक नाय."

मला ही स्तुती वाटली. मी महिनाभर ती सगळ्यांना सांगत होते.

आमच्या माजघराचं दार कुरकुरायचं. ते दार त्यांनीच बसवलेलं. पेटीत सूर बसवायचा असला की मेस्त्री पेटी काखेत मारून आमच्याकडे येत, दार अर्धं उघडत, ते 'कुर्रर्र' म्हणे, आणि ते पेटीच्या पितळी पट्टीवर कानस फिरवून तो सूर जुळवत. म्हणत, दार काळी दोनचं आहे, उन्हाळ्यापावसाळ्यात हलत नाही. एका रविवारी यजमानांनी मला मदत म्हणून त्या बिजागरीत खोबरेल सोडलं. दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले, दार उघडलं, दार गप्प. त्यांनी ते तीनदा उघडलं. मग यजमानांकडे असं बघितलं की जणू यांनी घरातलं कोणी मारलं आहे.

"सूर मारलंस, मेल्या! तेल घालूचा होता तर माका इचारूचा होता."

चार महिने गेले, तेल सुकलं, दार पुन्हा बोलायला लागलं, तेव्हा कुठे ते यजमानांशी नीट बोलायला लागले.

आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गजर सुचला की ते कागद शोधत नसत. हातात जे लाकूड असेल त्याच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी बघणार नाही तिथे, पेन्सिलने लिहून टाकत. खाली साल. मग त्यावर चौकट ठोकून काम गिऱ्हाइकाच्या घरी. गावातल्या कितीतरी पाटांखाली, खाटल्यांच्या फळ्यांना, कपाटांच्या पाठीला गजर आहेत. मी विचारलं, "अहो, मग तुम्हाला आठवणार कसं?" म्हणाले, "लिवला म्हणजे इसारलंय तरी चलता."

आता तो कागद.

मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस गावात आला. कंपनीचं नाव घेत नाही. आयुष्यात नाव घ्यायचं ते नवऱ्याचं उखाण्यात घेतलं, तेवढं पुरे. चिखलाचे दिवस, आणि याच्या पायात पांढरेशुभ्र बूट. चिखलात पांढरे बूट घालून येणाऱ्यावर विश्वास ठेवू नये हे मला आज कळतं. तेव्हा मला ते बूट फार आवडले होते. त्याने कुडाळला कुठल्याशा भजनात वासू मेस्त्रींचा गजर ऐकला होता. कंपनीला तो हवा होता, तो आणि आणखी सात. मेस्त्री त्याला घेऊन आमच्या ओटीवर आले. करार इंग्रजीत होता, आणि इंग्रजी आमच्या घरात देवाशेजारी टांगलेलं होतं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. भजनात गाणाऱ्याला बुवा म्हणतात. पेटी वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात. शेजारच्या तीन गावांत तीन मास्तर होते, त्यातला एक तर दोनच गाणी वाजवी. पण आमच्या गावात, ज्याचे गजर ते तिघे वाजवत, तो मात्र मेस्त्री. "मेस्त्री, पेटी घेवा," आणि त्याच श्वासात, "आणि मेस्त्री, न्हाणयेच्या दाराची कडी तेवढी बघा." बाप मेस्त्री, आजा मेस्त्री. कोणाच्या मनात वाईट होतं असं नाही. सुचलंच नव्हतं कोणाला.

मी कागद हातभर लांब धरला. भुवया वर. पहिली चार कलमं मी घशातल्या घशात वाचून "हे नेहमीचंच असतं" म्हणून सोडून दिली. पाचव्यात लिहिलं होतं, ऑल राइट्स इन द मास्टर शॅल व्हेस्ट, आणि पुढे बरंच काही. व्हेस्ट म्हणजे बनियन एवढं मला ठाऊक होतं. ते करारात कशाला आलं ते कळेना, म्हणून गाळलं. उरलेलं मात्र स्वच्छ होतं. ऑल राइट्स म्हणजे सगळे हक्क. आणि मास्टर?

"सगळे हक्क मास्तरांचे," मी म्हटलं.

"खंयचो मास्तर?" मेस्त्रींनी विचारलं. त्यांना वाटलं, शेजारच्या गावचा कोणी घुसला.

"अहो, मास्तर म्हणजे तुम्ही! पेटी वाजवतो तो मास्तर. मुंबईच्या लोकांना कळतं कोणाला काय म्हणायचं ते."

"माका म्हणतत? कागदार?"

"हे काय, इथे."

"खंय लिवलेला आसा? दाखय बघया."

मी बोट ठेवलं. त्यांनी आपलं रंधा धरून धरून चपटं झालेलं बोट माझ्या बोटाशेजारी टेकवलं आणि त्या शब्दावरून हळूच फिरवलं, गुळगुळीत झालं का बघतात तसं. मग म्हणाले, "परत एकदा वाच गो."

मी परत वाचलं. या खेपेला जरा आवाज चढवून, कारण सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मेस्त्रींनी सही केली. मी साक्षीदार. बुटवाला सगळं ऐकत होता. त्याला मास्टर म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, "वहिनी फार शिकलेल्या दिसतात." मी त्याला आणखी एक घावणा वाढला.

वाचलं ते खरं असायलाच हवं, नाहीतर पदवी कशाला? म्हणून दुसऱ्या दिवशी विहिरीवरून मी त्यांना मास्तर म्हणून हाक मारली, आणि मग हट्टाने तेच म्हणत राहिले. आधी बायका हसल्या. मग सासूबाई म्हणायला लागल्या, आणि सासूबाई म्हणायला लागल्यावर गावात हसायची कोणाची छाती नव्हती. चतुर्थी येईपर्यंत ते सगळ्यांचे मास्तर झाले.

रेकॉर्डिंगला ते मुंबईला जाऊन आले. त्याची हकिगत आमच्या ओटीवर बसून त्यांनी सांगितली, ती मी कित्येकदा मुद्दाम सांगायला लावली. त्यांना काचेच्या खोलीत घातलं. पेटी बाहेर ठेवायला सांगितली, कारण कीबोर्ड होता आणि गायला मुंबईचा एक गायक होता. मास्तरांनी चाल सांगायची, तो म्हणणार. कानात टोपण घातलं आणि त्यात टिक, टिक, टिक.

"घड्याळ कानात घालून गाणा म्हणूचा!" मास्तर म्हणाले. "मी म्हटलंय, बाबा, गजर चढूक व्हयो. पयलो संथ, मगे घाम येवक व्हयो. तर तो म्हणता, चार मिन्टात लोकांका उबे करा. म्हटलंय, चार मिन्टात माणूस उबो रवता तो इचू चावल्यार."

सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. आमच्या ओटीवर पाऊण तास चढणारा गजर कॅसेटमध्ये चार मिनिटांचा झाला. कंपनीने त्यांना भेट म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते त्यांनी पडवीत लावलं, पण त्यात सेल कधी घातला नाही. "टिकटिक आयकान झाली," म्हणत.

कॅसेट आली. वर गणपती, खाली त्या गायकाचा हसरा फोटो. मी उलटून पालटून बघितलं. गीत आणि संगीत या शब्दांपुढे एकच शब्द होता: पारंपरिक.

मास्तरांनी तो स्वतः वाचला. मराठीत होता, त्यासाठी माझी गरज नव्हती. कॅसेट माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "मेल्यानंतर माणूस पारंपरिक होता. मी जितोच झालंय."

तेव्हाही मला वाटलं, छापखान्याची चूक असणार. हक्क तर मास्तरांचेच आहेत! दोन वर्षांनी माझा भाऊ मुंबईहून आला. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. बोलता बोलता म्हणाला, कुठल्याशा गाण्याची मास्टर खराब झाली. मी विचारलं, "कोण मास्तर?" तो हसला. म्हणाला, "मास्तर नाही ग ताई, मास्टर. मूळ फीत. जिच्यावरून बाकीच्या कॅसेटी काढतात ती. ती ज्याच्याकडे, त्याचं गाणं."

माझ्या हातात तांदूळ होते निवडायला. त्यानंतर खडे किती गेले भातात कोण जाणे, त्या रात्री सगळ्यांचे दात वाजले.

सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पदवी मात्र खिळ्यावरून उतरवली आणि ट्रंकेत टाकली. सासूबाईंनी विचारलं, "गो, तुझो देव खंय गेलो?" म्हटलं, वाळवी लागत होती. पुढे प्रत्येक चतुर्थीला मास्तरांच्या घरी माझ्या हातच्या मोदकांचा डबा जाई. बायका म्हणत, हिचा मास्तरांवर फार जीव. जीव कसला! तो दंड होता, आणि तो मी मोदकांत भरत होते.

मास्तर मात्र कुढले नाहीत. मला त्यांचं कौतुक वाटतं ते इथे. कॅसेटी आल्या तशी भजनाची बोलावणी कमी झाली. मंडपात बटण दाबलं की गजर. बांद्याच्या बाजारात एकदा ते उभे होते, आणि पानाच्या गादीवरून त्यांचाच गजर लागला, त्या मुंबईच्या गायकाच्या आवाजात. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकला. पानवाल्याने विचारलं, "बरो आसा न्हय गजर?" मास्तर म्हणाले, "बरो आसा. घाईत आसा जरा."

मग कीबोर्ड गावात आले. इतर पेटीवाले त्यांच्या नावाने बोटं मोडत. मास्तरांनी भजनी मंडळाचा कीबोर्ड घरी नेला आणि पेचकसाने सगळा उघडला. आत बघून निराश झाले. "हेच्यात सूर खंय रवता? सगळो पत्रोच." पण तो नीट बंद करून दिला, आणि महिन्याभरात त्यावर असे वाजवायला लागले की ज्याने तो विकला होता त्यानेच तो परत विकत मागितला. सीड्या आल्या, गेल्या. मोबाईल आला तेव्हा ते सत्तरीला आले होते. त्याला ते बिनभात्याची पेटी म्हणत. आखातात नोकरीला गेलेल्या आमच्याकडच्या लोकांनी तिथे भजनी मंडळ काढलं होतं, ती माणसं शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी फोनवर दिसत आणि मास्तर त्यांना गजर शिकवत. फोन जमिनीवर ठेवायचे नाहीत. सूर आहे त्यात, पाय लागेल. म्हणून फणसाची एक छोटी घडवंची केली, तिच्यावर फोन. घडवंचीच्या खाली गजर लिहिलेला होता, हे सांगायला नको.

शिकवायची त्यांची रीत उलटी. आधी स्वतः म्हणून दाखवत नसत. "पयल्यांदा तुझ्यासारख्या म्हण. मगे माझ्यासारख्या. तुझ्यासारख्याच बरा वाटला तर तसाच रवांदे." जो माणूस आपली चाल अशी मोकळी सोडतो, त्याच्याच चालीला कुलूप लागावं!

ते लागलं दोन वर्षांपूर्वी. सासूबाई आणि यजमान गेल्यावर मी गावातल्या बायकांचं भजनी मंडळ धरलं होतं. माझा आवाज अजून पेटीत यायचा आहे, म्हणून मी झांज वाजवते. मास्तर ऐंशी पार केलेले, पण चतुर्थीला आमच्याकडे पेटीवर तेच बसले. दुपारची वेळ, आरती झालेली, आणि त्यांनी तोच गजर धरला, कॅसेटवाला:

कडी नाही, कोयंडा नाही, दार माझे उघडे
ये रे ये मोरया, मन माझे पाटाएवढे

या खेपेला चार मिनिटांचा नव्हे. पुरा चढवला. शेवटी गणपती सोडून सगळे उभे. शेजारच्या फिलूने, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या फिलोमिनाबाईने, मोबाईलवर तो टिपला. मी तो इंटरनेटवर चढवला. ते मला येतं. न येणाऱ्या गोष्टी मी आता करत नाही.

संध्याकाळी उघडून बघितलं तर चित्र होतं, आवाज नव्हता. नुसती तोंडं उघडत मिटत होती.

"गो," फिलू म्हणाली, "आमी पाण्याभायल्या बांगड्यांसारख्या दिसतव!"

सोबत इंग्रजीत एक निरोप आला होता. इंग्रजी! मी चष्मा लावला, त्यावर भिंग धरलं, शब्दकोश उघडला, आणि कुठलाही शब्द न गाळता तीनदा वाचलं. हे गाणं अमुक कंपनीच्या मालकीचं आहे, म्हणून आवाज बंद केला आहे. तीच कंपनी. कोणा माणसाने ऐकून ठरवलेलं नव्हतं, यंत्राने चाल ओळखली होती. म्हणजे आमच्या गावाने ज्यांना ओळखायला त्यांच्या वयाची चाळीस वर्षं लावली, त्यांना यंत्राने काही तासांत ओळखलं, आणि गप्प केलं.

मास्तरांना दाखवलं. त्यांनी फोन घडवंचीवर ठेवला आणि स्वतःची बोटं पेटीवर पळताना बघितली, बिनआवाजाची.

"माझी पेटी पण गेली?" त्यांनी विचारलं.

मग फोन पालथा घालून, "तिकडे मी शिकयतंय ते वाजयतले तर तेंचा पण तोंड बंद?"

 त्या शुक्रवारी त्यांनी फोन उचलला नाही. पुढच्याही नाही. सुनेला सांगितलं, "सांग, मास्तराक बरा नाय." त्यांना काही झालं नव्हतं. ज्यांना शिकवू त्यांचं तोंड बंद होणार असेल तर शिकवायचं कशाला, एवढंच. कॅसेटवर नाव गेलं तेव्हा हसणारा माणूस. कॅसेटीने भजनं घेतली तेव्हा कीबोर्ड शिकणारा माणूस. आता पहिल्यांदा त्यांच्या पेटीवर कपडा पडला तो तसाच राहिला.

मग माझी झोप गेली. मी कंपनीला लिहिलं, की हे गाणं पारंपरिक नाही, वासुदेव मेस्त्री यांचं आहे. आठ मिनिटांत नकार आला. इतक्या लवकर तर सासूबाईंनीही मला नाकारलं नव्हतं. पुन्हा लिहिलं. असं सात-आठ महिने चाललं, तेव्हा कुठे त्यांनी विचारलं, पुरावा काय?

पुरावा! मी आमच्या गणपतीचा पाट उलटा केला. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी मास्तरांनी केलेला. विसर्जनाच्या वाळूने खालची बाजू खरवडली होती, पण सुताराची पेन्सिल ती. कडी, कोयंडा, मोरया, सगळं जागच्या जागी, खाली साल. कॅसेटच्या चांगलं आधीचं. मी आणि फिलू मग घरोघरी गेलो. दोन म्हाताऱ्या लोकांचे पाट उलटे करताहेत, खाटल्याखाली बॅटरी मारताहेत; गावाला वाटलं, आम्ही सोनं शोधतो आहोत. एका घरी तर म्हणाले, "काय हरवला आसा ता तरी सांगा."

शेवटी फिलूच म्हणाली, "आमच्या इगर्जीतली पेटी मास्तरानच केलली न्हय दुरुस्त?" गेलो. पाद्रीबाबांच्या परवानगीने झाकण काढलं. रविवारी जिच्यावर येशूची गाणी होतात त्या पेटीच्या पोटात, भात्याच्या वर, स्वच्छ अक्षरात: ये रे ये मोरया. खाली तेच साल. फिलूने छातीवर क्रूस केला आणि फोटो काढला. "देवांचा काय ता देव बघतले," म्हणाली.

फोटो पाठवले. खाली मी लिहिलं, इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन: हे गाणं परंपरेने रचलं असतं तर त्यात कोयंडा आला नसता. देवाला बोलावताना कोयंडा फक्त सुताराला आठवतो.

तीन आठवड्यांनी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, काळी चार. म्हणाली, "आजी, तुमचा कोयंडा आमच्या सगळ्या ऑफिसने वाचला." तुमच्या व्हिडिओवरचा दावा काढते आहोत, म्हणाली. तुमची मंडळी स्वतः म्हणतील, वाजवतील, त्याला आमची आडकाठी नाही, तसं लेखी देते. जुन्या रेकॉर्डिंगवरचं 'पारंपरिक' काढून तिथे नाव घालते. "पण आजी, मास्टर मात्र आमच्याकडेच राहणार हं."

"राहू दे," मी म्हटलं. "मास्टर तुमचा. मास्तर आमचा."

ती हसली, पण तिला ते पुरतं कळलं नसावं. नाव काय घालू विचारलं. मी सांगितलं, वासुदेव मेस्त्री, आणि पुढे मास्तर.

लेखी आलं, त्याच्यासोबत तिने माहितीसाठी म्हणून जुन्या कराराची प्रतही पाठवली. पाचवं कलम. खाली मास्तरांची सरळ, रेघ मारल्यासारखी सही. आणि शेजारी माझी. वेलबुट्टी तशीच. मला ती सही बघून त्या बाईच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण कान माझाच होता.

दोन्ही कागद घेऊन मी मास्तरांकडे गेले. दुपार कलली होती. पडवीत ते बसले होते, वर भिंतीवर ते बिनसेलाचं घड्याळ. दृष्टी अगदी अधू झाली होती, पण कानावर पेन्सिल होती. आधी मी कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. सगळे म्हणू शकतात, वाजवू शकतात, तुमच्या नावाने. त्यांनी ते ऐकलं, सुनेला हाक मारली आणि म्हणाले, "शुक्रवारी फोन लाव गो तेंका." मग हात लांब करून पेटीवरचा कपडा काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला.

मी तिथेच उठून आले असते तर चाललं असतं. पण तोवर मी दुसऱ्या कागदाची घडी उलगडली होती.

"ह्यां काय आसा?" मास्तरांनी विचारलं. कागदाचा आवाज त्यांना ऐकू गेला होता.

सांगितलं. चाळीस वर्षांचं एका दमात. की मी चुकीचं वाचलं. की मास्टर म्हणजे मूळ फीत, तुम्ही नव्हेच. की कागदावर तुम्हाला कोणी मास्तर म्हटलंच नव्हतं. की हे मला दोन वर्षांत कळलं होतं आणि मी मोदक पाठवत राहिले. नाक पुसायला पदर हवा होता, तर मी नेमकी त्या दिवशी ड्रेस घालून गेले होते.

मास्तरांनी भाता एकदा दाबला, नुसताच, सूर न लावता. पेटीने एक लांब श्वास सोडला. त्यांना राग आला की नाही, मला आजही ठाऊक नाही. मग त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, त्यावरून बोट फिरवलं, आणि परत माझ्याकडे दिला. हे त्यांचं माझं शेवटचं बसणं. त्यानंतर सहा शुक्रवार त्यांनी शिकवलं, आणि सातवा आला नाही.

ते म्हणाले, "त्या दिवसापर्यंत माका सगळे मेस्त्रीच म्हणत, गो. दुसऱ्या दिवशी तू बावडेरसून हाक मारलंस, मास्तर म्हणान. मी मागे बघलंय, कोणाक हाक मारता म्हणान." आणि मग म्हणाले, "चल, परत एकदा वाच. तेव्हा वाचलेलंस तसाच वाच."